काळ्या ताऱ्याची जहाजे
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वार्षिकांकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणा असे सरांनी सांगितले, तेव्हा कुणाची निवड करावी हे न सुचून मी ग्रंथालयातल्या कपाटासमोर बराच वेळ नुसता उभा राहिलो. शेवटी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाताला लागले. पहिल्याच पानांत लिहिले होते की, या माणसाचा बाप दगडाचे बांधकाम करणारा गवंडी होता. एवढे कारण मला पुरले. तो माणूस म्हणजे मार्कस गार्वी.

हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले नसेल. मीही ऐकले नव्हते. परंतु शंभर वर्षांपूर्वी या नावाने अमेरिकेतील, वेस्ट इंडीज बेटांतील आणि आफ्रिकेतील लक्षावधी कृष्णवर्णीय माणसांना ताठ मानेने उभे केले होते.

१७ ऑगस्ट १८८७ रोजी जमैका बेटावरील सेंट ॲन्स बे या गावी मार्कसचा जन्म झाला. जमैका तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेल्या गुलामांच्या घामावर तेथील उसाचे मळे उभे राहिले होते. गुलामगिरी संपून जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती, पण रंगाची उतरंड तशीच होती. सर्वांत वर मूठभर गोरे, मध्ये मिश्र रक्ताचे गव्हाळ, आणि तळाशी बहुसंख्य काळे. मधले लोक वरच्यांकडे आशेने पाहत आणि खालच्यांना दूर ठेवत. हे वाचताना मला ते बेट फार लांबचे वाटले नाही.

अकरा भावंडांपैकी मार्कस आणि त्याची बहीण इंडियाना ही दोघेच जगली. बाप तिरसट आणि एकलकोंडा, पण वाचनाचे वेड असलेला. गवंड्याच्या घरात पुस्तकांचा संग्रह होता! शेजारी एका गोऱ्या पाद्र्याचे कुटुंब राहत असे. त्याची मुलगी मार्कसची खेळगडी. दोघे चौदा वर्षांचे झाले तसे मुलीला परदेशी शाळेत धाडण्यात आले आणि या काळ्या मुलाला पत्र लिहायचे नाही, अशी तिला ताकीद मिळाली. माणसामाणसांत रंगाची भिंत असते हे आपल्याला तेव्हा प्रथम उमगले, असे गार्वीने पुढे लिहून ठेवले आहे.

शिक्षण अर्धवट सोडून तो छापखान्यात लागला. खिळे जुळवायला शिकला, आणि किंग्स्टन शहरात जाऊन ऐन तारुण्यात फोरमन झाला. १९०८ च्या सुमारास मुद्रण कामगारांनी संप केला. फोरमन असूनही तो संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि नोकरी गमावून बसला. १९१० मध्ये पोटासाठी तो कोस्टा रिकाला गेला. तेथे केळीच्या मळ्यावर मजुरांचे कामाचे तास टिपण्याचे काम मिळाले. आपल्याच बेटावरून आलेले मजूर तापाने आणि अपघाताने कसे मरतात, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले. पनामातही तेच. १९१२ मध्ये तो लंडनला पोहोचला आणि दुसे मोहम्मद अली या संपादकाच्या मासिकात काम करू लागला. तेथे त्याला आफ्रिकेतील खलाशी आणि विद्यार्थी भेटले. जेथे जावे तेथे काळा माणूस तळाशी, याचे कारण काय? त्याने आपल्यापुरते उत्तर काढले : आपल्याला आपले असे राज्य नाही, जहाज नाही, आणि विखुरलेल्या भावंडांची एकमेकांना ओळख नाही.

१९१४ च्या जुलैत तो जमैकाला परतला आणि लगेच युनिव्हर्सल निग्रो इंप्रूव्हमेंट असोसिएशन ही संघटना त्याने स्थापन केली. या कामात ॲमी ॲशवुड ही तरुणी त्याच्या बरोबरीने होती. पण गव्हाळ मध्यमवर्ग आपल्याला काळे म्हणवून घ्यायला तयार नव्हता. संघटना रुजेना. तेव्हा मार्च १९१६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि हार्लेम वस्तीत राहिला.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे आणि १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे शिकत होते. १९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला गेले. म्हणजे दोन-तीन महिने हे दोघे एकाच शहरात होते. त्यांची भेट झाली असे मी म्हणत नाही. पण एक जण पदव्या घेऊन निघाला होता आणि दुसरा पदवीशिवाय आला होता, हे मनात राहते.

हार्लेममध्ये तेव्हा दोन प्रवाह येऊन मिळत होते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील जाच सोडून आलेले काळे लोक, आणि बेटांवरून आलेले वेस्ट इंडियन. गोऱ्या माणसाच्या लेखी दोघेही एकच. पण आपसात? अमेरिकन काळे बेटकऱ्यांना माकडांवरून नावे ठेवत, त्यांच्या उच्चारांची टिंगल करीत, हे आगाऊ लोक आमची कामे पळवतात म्हणत. बेटकरीही काही कमी नव्हते. आम्ही ब्रिटिश प्रजाजन, तुमच्यासारखे दबून राहणारे नव्हे, असा त्यांचा तोरा असे. एकाच आजोबांची नातवंडे, पण एकाला एका जहाजाने येथे उतरवले, दुसऱ्याला दुसऱ्याने तेथे. एवढ्याच फरकावर भांडण!

या गर्दीत गार्वी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून बोलू लागला. त्याचे म्हणणे साधे होते. तुम्ही जमैकाचे नाही आणि जॉर्जियाचेही नाही, तुम्ही आफ्रिकेची लेकरे आहात, आणि काळे असणे ही लाजेची बाब नव्हे. १९१८ मध्ये त्याने ‘निग्रो वर्ल्ड’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात स्पॅनिश आणि फ्रेंच मजकूरही छापला जाई. अनेक वसाहतींच्या सरकारांनी त्यावर बंदी घातली, तेव्हा खलाशी ते लपवून नेऊ लागले. ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये परिषदेची सभा भरली. सुमारे २५ हजार लोक जमले. हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, लाल, काळा आणि हिरवा असा ध्वज ठरला, आणि गार्वी आफ्रिकेचा हंगामी अध्यक्ष म्हणून निवडला गेला. ज्या आफ्रिकेत त्याने कधी पाऊल टाकले नव्हते आणि पुढेही टाकू शकला नाही, तिचा अध्यक्ष!

त्याचे सर्वांत मोठे स्वप्न म्हणजे ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी. जून १९१९ मध्ये ती नोंदवली गेली. शेअरची किंमत ५ डॉलर. धुणीभांडी करणाऱ्या बायका, हमाल, स्वयंपाकी, ऊस तोडणारे अशा ३५ ते ४० हजार लोकांनी पोटाला चिमटा घेऊन शेअर विकत घेतले. पहिले जहाज ‘यार्माउथ’. ते क्यूबा, जमैका, पनामा, कोस्टा रिका येथील बंदरांत शिरले, तेव्हा काळा कप्तान पाहायला मजूर फळेफुले घेऊन धक्क्यावर जमले.

परंतु जहाज भावनेवर चालत नाही, हेही खरे. ‘यार्माउथ’ची बांधणी १८८७ ची, म्हणजे ते गार्वीच्याच वयाचे होते. १ लाख ६५ हजार डॉलरला घेतलेली ती जुनाट बोट पुढे लिलावात अवघ्या १,६२५ डॉलरला गेली. ज्या कप्तानाचा सत्कार झाला, त्यानेच खरेदीत दलाली खाल्ली होती. एकदा जमैकाहून नारळ भरून निघालेले जहाज मिरवण्यासाठी बंदरोबंदरी थांबवले आणि नारळ सडले. १९२२ मध्ये कंपनी बंद पडली. गार्वी चोर होता असे मला वाटत नाही, पण हिशेबाकडे त्याचे लक्ष नव्हते, आणि गरिबांच्या पैशाच्या बाबतीत हा अपराध लहान नव्हे.

आता या कथेतील दुसऱ्या माणसाकडे वळतो. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हा १८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय, ‘क्रायसिस’ मासिकाचा संपादक. त्याचा मार्ग कायद्याचा, अभ्यासाचा आणि अमेरिकेतच समान हक्क मिळवण्याचा. आपण त्याच्या कचेरीत गेलो तेव्हा तेथे बहुतेक गोरे आणि गोरटेलेच चेहरे दिसले, असे गार्वी पुढे सांगत असे. जमैकाची उतरंड त्याने मनात घालून आणली होती. अमेरिकेत मात्र रक्ताचा एक थेंब काळा असला तरी माणूस काळाच ठरत असे. त्यामुळे गार्वीने ड्यू बॉइसच्या मिश्र रक्तावर बोट ठेवले, तेव्हा अमेरिकन काळ्यांना ती फूट पाडणारी भाषा वाटली. ड्यू बॉइसही घसरला. त्याने गार्वीच्या काळ्या वर्णाची आणि रूपाची छापील चेष्टा केली आणि १९२४ मध्ये त्याला वेडा किंवा गद्दार ठरवले. गोऱ्यांनी दिलेले दगड दोघांनी एकमेकांना मारले!

१९२२ च्या जूनमध्ये गार्वीने फार मोठी चूक केली. काळ्यांना झाडाला टांगणाऱ्या कू क्लक्स क्लानच्या प्रमुखाची त्याने अटलांटा येथे भेट घेतली. दोघांनाही वंश वेगळे राहावेत असे वाटते, तेव्हा उघड शत्रूशी उघड बोलावे, हा त्याचा तर्क. लोक संतापले. गार्वीला घालवा अशी मोहीमच सुरू झाली. तिचे नेते समाजवादी होते, तरी त्यांच्या ‘मेसेंजर’ मासिकात गार्वीबरोबर सगळ्याच वेस्ट इंडियन लोकांवर शिंतोडे उडू लागले. तेव्हा गार्वीचा कट्टर टीकाकार असलेला, पण जमैकाचाच डब्ल्यू. ए. डोमिंगो १९२३ मध्ये त्या मासिकातून बाहेर पडला. माणूस चुकला म्हणून त्याचे बेट कसे चुकले, हा त्याचा सवाल मला फार मोलाचा वाटतो. जानेवारी १९२३ मध्ये गार्वीचा एक फुटलेला सहकारी न्यू ऑर्लिन्समध्ये मारला गेला आणि संशय गार्वीच्या अनुयायांवर आला. त्याच महिन्यात आठ प्रतिष्ठित कृष्णवर्णीयांनी गार्वीविरुद्ध सरकारला पत्र लिहिले. ड्यू बॉइसची सही त्यावर नव्हती.

सरकार टपलेलेच होते. १९१९ पासून त्याच्या संघटनेत हेर पेरले गेले होते. कंपनीच्या मालकीचे नसलेल्या जहाजाचे चित्र पत्रकावर छापून टपालाने लोकांना फसवले, असा खटला १९२३ मध्ये चालला. गार्वीने वकील काढून टाकून स्वतःच बाजू मांडली. ज्या पाकिटावर शिक्षा झाली ते कोर्टात रिकामेच होते. इतर तिघे सुटले आणि त्याला एकट्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. १९२५ मध्ये त्याला अटलांटाच्या तुरुंगात धाडण्यात आले.

दरम्यान लायबेरियात वसाहत करण्याचा बेतही फिसकटला होता. त्या देशावर अमेरिकेतून परतलेल्या मुक्त गुलामांच्या वंशजांचे राज्य होते, आणि ते मूळच्या आफ्रिकन लोकांना खालचे लेखत. संघटनेच्या एका अधिकाऱ्याने हे गुप्त अहवालात नमूद केले आणि तो अहवाल नेमका लायबेरियन सरकारच्या हाती पडला. १९२४ मध्ये त्यांनी गार्वीच्या लोकांना दारे बंद केली. ज्या घरी परतायचे त्या घरातही उतरंड होतीच.

१९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी शिक्षा कमी करून त्याला हद्दपार केले. जमैकात त्याने राजकीय पक्ष काढला, पण १९३० च्या निवडणुकीत हरला. ज्यांनी मते द्यायची त्या गरिबांना मताचा अधिकारच नव्हता. १९३५ मध्ये तो लंडनला गेला. १९४० मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या निधनाची खोटी बातमी पसरली आणि आपलेच मृत्युलेख वाचण्याची पाळी त्याच्यावर आली. १० जून १९४० रोजी तो खरोखरच गेला. १९६४ मध्ये त्याचा देह जमैकाला नेण्यात आला आणि त्याला पहिला राष्ट्रवीर घोषित करण्यात आले. स्वतंत्र घानाच्या ध्वजावर काळा तारा आला आणि त्या देशाच्या जहाज कंपनीला ‘ब्लॅक स्टार लाइन’ हेच नाव मिळाले. ड्यू बॉइसने आयुष्याची शेवटची वर्षे त्याच घानात काढली आणि १९६३ मध्ये तेथेच देह ठेवला. जन्मभर भांडलेली दोन माणसे शेवटी एकाच ताऱ्याखाली आली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने गार्वीला मरणोत्तर माफी दिली.

रोज रात्री जेवढे वाचून होई तेवढे मी वडिलांना सांगत असे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, लोकांचे पैसे परत मिळाले का? मी म्हटले, नाही. दुसरा, तो शिकलेला आणि हा न शिकलेला, दोघेही काळेच, मग शिकलेल्याने याला हिशेब ठेवायला का नाही शिकवले? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही.

लेख लिहायला बसलो तेव्हा मी गार्वीच्या बाजूचा होतो. गवंड्याचा मुलगा तो, गवंड्याचा मुलगा मी. पण लिहिता लिहिता एक दिवस आठवला. प्रथम वर्षाला असताना वडील फीचे पैसे द्यायला महाविद्यालयाच्या फाटकाशी आले होते. सदऱ्यावर सिमेंट, हातात थापी. बरोबरच्या मित्रांना मी सांगितले की, हे आमच्या ओळखीचे आहेत. वडिलांनी ते ऐकले आणि काही न बोलता पैसे देऊन निघून गेले. तेव्हा मी कुणाच्या बाजूला उभा होतो?

वार्षिकांक हाती आला की हा लेख मी वडिलांना संपूर्ण वाचून दाखवणार आहे. वरचा परिच्छेद न गाळता.