बंधुसंघातील पहिली भगिनी

पुरुषांनी बंधुभावाच्या नावाने संस्था काढावी आणि स्त्रियांसाठी तिच्या कडेला एक वेगळे दालन उघडावे, हा रिवाज जुना आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात फ्रीमेसन मंडळींच्या बंधुसंघालगत ‘ईस्टर्न स्टार’ ही संस्था निघाली. तिच्यात स्त्रीला प्रवेश मिळे तो सदस्याची पत्नी, कन्या वा भगिनी म्हणून. महाराष्ट्रात या रिवाजाला छेद दिला तो गोदावरी परुळेकर यांनी.

नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सर्व भारतीयांना बंधू मानण्याची शपथ त्याचे सदस्य घेत. परंतु हे सदस्य पुरुषच असत. १९०९ साली समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी रमाबाई रानडे यांच्यासह पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे अनेक स्त्रिया शिक्षिका व परिचारिका होऊन स्वावलंबी झाल्या. हे कार्य थोर होते. तथापि बंधूंचे क्षेत्र निराळे व भगिनींचे निराळे, ही वाटणी तशीच राहिली.

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यातील एका सधन वकिलाच्या घरी जन्मलेल्या गोदावरी गोखले यांनी ती मोडली. त्यांनी कायद्याची पदवी मिळविली होती. १९३२ साली सत्याग्रहात त्यांना शिक्षा झाली. नेमस्त विचारांच्या वडिलांना हे रुचले नाही. तेव्हा घर सोडून त्या मुंबईस आल्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. हे स्थान त्यांना कोणाच्या नात्याने नव्हे, स्वतःच्या योग्यतेने मिळाले. साक्षरता प्रसार आणि घरकामगारांची संघटना ही त्यांची आरंभीची कामे. १९३९ साली समाजातीलच सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच सुमारास दोघांनी समाज सोडून कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली.

पुढचे कार्यक्षेत्र होते तेव्हाचा ठाणे जिल्हा. आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या रानात वारली माणूस जमीनदाराच्या वेठीला जुंपलेला होता. लग्नासाठी कर्ज काढणारा ‘लग्नगडी’ होई. त्याच्यासह त्याची पत्नीही सावकाराकडे राबे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आणि २३ मे रोजी झरी गावी हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप सुरू असता १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार झाला. पाच आदिवासी बळी पडले. तरीही वेठीची प्रथा मोडली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात गोदावरीबाईंनी हा लढा लिहिला. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

पक्षांना, कामगार व शिक्षक संघटनांना आजही ‘महिला आघाडी’ असते. तिच्या सभा होतात, समारंभ होतात. निर्णय मात्र पुष्कळदा दुसऱ्या खोलीत घेतले जातात. वेगळ्या दालनाची गरज संपली असे म्हणता येणार नाही. जिथे बोलण्याचा सराव नाही तिथे ते आधार देते. परंतु त्याचे एक दार मुख्य सभागृहात उघडलेच पाहिजे. गोदावरीबाई त्या सभागृहात बसल्या, आणि ते अपुरे वाटताच उठून रानात गेल्या. हे दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे होते.