फादर स्टीफन्स : तारणाऱ्याची वाट मराठीत सांगणारे इंग्रज



27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या दिवशी परिपाठात कुणीतरी विद्यार्थी फादर स्टीफन्स यांच्या मराठीचं कौतुक करणाऱ्या ओव्या म्हणतो. आपण टाळ्या वाजवतो. एका परदेशी माणसाने आपल्या भाषेला रत्नाची आणि मोगऱ्याची उपमा दिली, याचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण ज्या पुस्तकात त्या ओव्या आहेत ते पुस्तक कशाबद्दल आहे, असं एखाद्या मुलाने विचारलं तर? आमच्या बोईसरच्या वर्गात एका मुलीने मला हे विचारलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा दोन वाक्यांपलीकडे काही सांगता आलं नाही. मग वाचायला घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ राणी होती आणि कॅथलिक पंथ उघडपणे पाळण्याची सोय नव्हती. स्टीफन्स यांचा एक श्रीमंत मित्र होता, थॉमस पाउंड. त्याचा नोकर असल्याचं सोंग घेऊन ते त्याच्याबरोबर गुप्तपणे हिंडत. दोघांनी मिळून रोमला जायचं ठरवलं होतं. पण पाउंड पकडला गेला आणि पुढची जवळपास 30 वर्षं त्याने तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच निघाले आणि 1575 मध्ये रोमला येशूसंघात दाखल झाले. म्हणजे बघा, श्रद्धेसाठी छळ कसा होतो हे या माणसाने ऐन तरुणपणी जवळून पाहिलं होतं. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

4 एप्रिल 1579 ला ते लिस्बनहून जहाजात बसले आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला उतरले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांना पत्रातून कळवली. ती पुढे इंग्लंडमध्ये छापली गेली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून भारतात आलेल्या आणि इथेच राहिलेल्या इंग्रजांत त्यांचं नाव अगदी पहिल्यांत घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला तेव्हा अजून 21 वर्षं होती.

गोव्यात त्यांची नेमणूक साष्टी भागात झाली. जवळपास 40 वर्षं ते तिथेच राहिले. आता इथे जरा थांबू या, कारण ही जागा सोपी नाही. स्टीफन्स यायच्या आधीच, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. साष्टीतली देवळं 1567 च्या सुमारास पाडली गेली होती. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणीसाठी म्हणून असोळणा इथल्या किल्ल्यात बोलावून मारलं. मेलेले पाद्री स्टीफन्स यांचे सहकारी होते. मारले गेलेले गावकर त्यांच्याच कामाच्या परिसरातले होते.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, 24 ऑक्टोबर 1583 ला, त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहेच. पण इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे असं निरीक्षणही त्याच पत्रात आहे. हीच गोष्ट विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडली तेव्हा जगाने दखल घेतली. एवढ्या रक्तपातानंतर लिहिलेल्या पत्रात हा माणूस भाषेचं व्याकरण न्याहाळतो, याचं मला आधी नवल वाटलं, मग थोडा रागही आला. अजूनही नक्की काय वाटावं ते कळत नाही. मुलांना शिकवताना ही बाजू गाळू नये असं माझं मत आहे. ज्याला स्वतःच्या देशात लपून राहावं लागलं, तो दुसऱ्यांच्या देशात सत्तेच्या बाजूने आला. मोठ्या वर्गातली मुलं हे समजू शकतात, आपणच उगीच घाबरतो.

आता पुस्तकाकडे येऊ. आपण त्याला क्रिस्तपुराण म्हणतो. 1616 मध्ये ते राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. त्यावर पोर्तुगीजमध्ये जे नाव होतं त्याचा अर्थ, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं निरूपण, असा होतो. म्हणजे पुस्तकाचा विषय शीर्षकातच आहे : तारणाऱ्याचं येणं. जवळपास 11 हजार ओव्या, त्यांचे दोन भाग. पहिल्या पुराणात तो येण्याआधीचं सगळं, दुसऱ्यात तो आल्यानंतरचं.

सुरुवातीचा प्रसंग मला फार आवडतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय देता? किती खरा प्रश्न आहे हा! ज्याच्याकडून गोष्टी काढून घेतल्या तो गोष्टच मागतो. आणि स्टीफन्स त्याला प्रश्नोत्तरांची वही देऊन मोकळे होत नाहीत (तसं एक छोटं पुस्तकही त्यांनी लिहिलं, ते 1622 मध्ये, त्यांच्या मागे छापलं गेलं). ते पुराण लिहितात. ओवीत लिहितात. एकनाथ महाराज 1599 ला गेले, तुकाराम महाराज 1608 चे, म्हणजे हा त्या दोघांच्या मधला काळ. श्रोत्यांच्या कानाला ओवी सवयीची होती. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ हाच शब्द वापरला.

पहिलं पुराण वाचताना एक गोष्ट हळूहळू उलगडते. ख्रिस्ती श्रद्धेत तारणारा अचानक येत नाही, त्याची वाट पाहिली जाते. आदम आणि एवा यांच्या हातून चूक घडते आणि त्याच वेळी, स्त्रीच्या वंशातला कुणीतरी सर्पाचं डोकं ठेचेल, असं वचन मिळतं. मग अब्राहामाला सांगितलं जातं की तुझ्या वंशामुळे सगळ्या कुळांचं भलं होईल. दावीद राजाला सांगितलं जातं की तुझी गादी टिकेल. पुढे संदेष्टे येतात. यशया कुमारीला होणाऱ्या बाळाबद्दल बोलतो, मीखा बेथलेहेम या छोट्याशा गावाचं नाव घेतो, जखऱ्या गाढवावर बसून येणाऱ्या नम्र राजाबद्दल सांगतो. राजा आणि गाढवावर! मुलांना हे फार आवडतं.

मला मात्र सगळ्यात विचारात पाडतो तो यशयातला दुःख भोगणारा सेवक. लोक ज्याची वाट पाहत होते तो विजयी राजा, आणि इथे वर्णन आहे ते तुच्छ मानलेल्या, मार खाणाऱ्या, तोंडातून शब्द न काढणाऱ्या माणसाचं. ख्रिस्ती वाचकाला त्यात क्रूसावरचा येशू दिसतो. यहुदी परंपरेत या सेवकाचा अर्थ बहुधा स्वतः इस्राएल लोक असा घेतात. दोन्ही वाचनं वर्गात सांगायला हरकत नाही. भविष्य सांगितलं आणि तसंच घडलं, असा ज्योतिषासारखा हिशोब मुलं पटकन करतात. पण संदेष्टा हा ज्योतिषी नव्हे. तो आपल्या काळातल्या राजाला आणि लोकांना, तुम्ही गरिबाला नाडता आहात, असं तोंडावर सांगणारा माणूस असतो. आशा तो त्यानंतर देतो.

आपल्या श्रोत्यांना अवतारकथा माहीत होत्या. धर्माला ग्लानी आली की देव येतो, हे त्यांच्या घरात रोज ऐकलं जाई. तेव्हा येणाऱ्याची वाट पाहणं त्यांना परकं नव्हतं. स्टीफन्स यांच्या गोष्टीतला तारणारा युगायुगात न येता एकदाच येतो, फरक एवढा. पण हा एवढा फरक समजावायला त्यांना अख्खं पुराण लिहावं लागलं.

हे पुस्तक देवनागरीत छापावं अशी त्यांची फार इच्छा होती. त्यासाठी इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागणारं पत्र त्यांनी 1608 मध्ये रोमला लिहिलं. ते काही जमलं नाही. 1619 मध्ये गोव्यातच त्यांचं निधन झालं. पुस्तकाच्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या, पण या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज मिळत नाही. 1684 मध्ये तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यात स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढलं. पुस्तक टिकलं ते हाताने नकलून घेणाऱ्या आणि गाऊन म्हणणाऱ्या लोकांमुळे. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपलं, आणि तिथेच 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापलं. एक देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये सापडलं. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती 1956 ची. म्हणजे लेखकाची इच्छा पूर्ण व्हायला साडेतीनशे वर्षं लागली म्हणा ना.

पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकांना यातलं काहीच फार लांबचं नाही. तारापूरला पोर्तुगीज किल्ला आहे, मुलं सहलीला जातात. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, हे आपण इतिहासात शिकवतो. वसईतल्या गावांत डिसेंबर लागला की आगमनकाळ सुरू होतो, चार रविवार वाट पाहण्याचे, मग घरोघरी गोठा आणि तारा. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल लिहिलं आणि ते 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. यशया आणि मीखा सोप्या मराठीत वाचायचे असतील तर ते पुस्तक वाचनालयातून जरूर आणा.

त्या मुलीला मी नंतर हे सगळं सांगितलं. गोष्ट मागणाऱ्या ब्राह्मणाची हकीकत तिला सगळ्यात आवडली. मग तिने विचारलं, की सर, त्याची जुनी पुराणं त्याला परत मिळाली का? मी नाही म्हणालो. ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मग मधल्या सुट्टीची घंटा झाली.