अंडे, कोंबडी आणि डॉक्टर हार्वे

डॉ. विल्यम हार्वे यांच्या पत्नीने एक पोपट पाळला होता. तो अनेक वर्षे घरात होता आणि छान बोलायचा, त्यामुळे तो नर आहे अशीच सर्वांची समजूत होती. एक दिवस तो आजारी पडून मेला. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी हार्वे यांनी त्याचे विच्छेदन केले, तेव्हा अंडनलिकेत जवळजवळ पूर्ण तयार झालेले अंडे सापडले. तो पोपट मादी होता! मग नराच्या सहवासाशिवाय पोटात अंडे आले कुठून?

शरीरात रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडेच परत येते, हे 1628 मध्ये सिद्ध करणारे म्हणून हार्वे यांना जग ओळखते. पण त्यांच्या आयुष्यातली कित्येक वर्षे अंड्याच्या कोड्यात गेली, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म 1578 मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन या गावी झाला. केंब्रिजमधले शिक्षण आटोपून ते इटलीतील पादुआ येथे गेले आणि 1602 मध्ये डॉक्टर झाले. तेथील त्यांचे गुरू फॅब्रिशियस कोंबडीच्या अंड्याचा अभ्यास करत. कोंबडीच्या शेपटीजवळच्या एका छोट्या पिशवीत कोंबड्याचे वीर्य साठून राहते, असे गुरूंचे मत होते. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम करताना हार्वे यांनी ती पिशवी स्वतः तपासली. त्यात वीर्य नव्हते. गुरूंविषयी आदर राखूनही त्यांचे म्हणणे त्यांनी अमान्य केले.

कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालते, हे शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. अशी अंडी वाऱ्यामुळे तयार होतात, असे प्राचीन काळी मानत. हार्वे यांनी या कोड्याचे दोन भाग केले. अंडे तयार होणे ही एक गोष्ट, त्यात जीव येणे ही दुसरी. पहिली कोंबडी एकटीच करते. कोंबडा लागतो तो दुसरीसाठी.

आजचे विज्ञान पहिल्या भागाबाबत हेच सांगते. कोंबडीचे सहसा डावे अंडाशयच कार्यरत असते. त्यात पिवळे बलक एकामागून एक पिकतात. दिवस मोठा झाला, प्रकाश वाढला की मेंदूतून संप्रेरकांचा इशारा मिळतो आणि पिकलेला बलक अंडाशयातून सुटतो. अंडनलिकेतून पुढे सरकताना त्यावर पांढरा भाग, मग पातळ पापुद्रे आणि शेवटी कवच चढते. एकट्या कवचाला सुमारे 20 तास लागतात. साऱ्या प्रवासाला 24 ते 26 तास. यात कोंबड्याचे काहीच काम नसते. स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला बीज पक्व होते, ते जसे शरीरसंबंधावर अवलंबून नसते, तसेच हे. शुक्राणूंना संधी मिळते ती बलक सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत, पांढरा भाग चढण्यापूर्वी. ती हुकली तरी अंडे तयार होतेच. फक्त त्यातून पिल्लू येत नाही.

हार्वे यांचे हे काम सुखासुखी झाले नाही. ते राजे पहिले चार्ल्स यांचे वैद्य होते. 1642 मध्ये यादवी युद्ध पेटले आणि लंडनमधील त्यांचे राहते घर लुटले गेले. अनेक वर्षांची टिपणे नष्ट झाली. त्यात कीटकांच्या जन्मावरचा अभ्यासही होता. या नुकसानीचे दुःख त्यांना अखेरपर्यंत राहिले. तरी राजाबरोबर ऑक्सफर्डला गेल्यावर साठी ओलांडलेले हार्वे एका मित्राच्या खोलीत ठेवलेल्या खुडूक कोंबडीपाशी जाऊन बसत. तिच्याखालची अंडी दिवसागणिक फोडून आत काय घडते ते दोघे पाहत. बलकावरच्या लहानशा पांढुरक्या ठिपक्यातून पिल्लाची सुरुवात होते, हे हार्वे यांनी दाखवले. चौथ्या दिवशी तेथे लाल ठिपका धडधडताना दिसे. हृदयाचा हा वैद्य हृदयाचा जन्मच पाहत होता.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र त्यांना मिळाले नाही. कोंबड्यापासून वेगळी केलेली कोंबडी पुढेही कित्येक दिवस फलित अंडी घालत होती, पण तिच्या पोटात वीर्य कुठेच दिसत नव्हते. राजाच्या उद्यानातील हरिणींच्या गर्भाशयातही समागमानंतर कित्येक आठवडे काही आढळले नाही. तेव्हा साथीचा रोग जसा नुसत्या संसर्गाने पसरतो, तसा वीर्याचाही अदृश्य परिणाम होत असावा, असा तर्क त्यांनी केला. तो चुकीचा होता. मात्र जे दिसले नाही ते दिसले, असे त्यांनी लिहिले नाही. हे सारे त्यांनी 1651 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय 73 होते. 1657 मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे वीसच वर्षांनी, 1677 मध्ये, लेव्हेनहूक यांना सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू दिसले. कोंबडीच्या अंडनलिकेतील अतिसूक्ष्म नळ्यांत ते दोन-तीन आठवडे जिवंत राहतात, हे तर विसाव्या शतकात कळले. गुरूंच्या त्या पिशवीचे खरे कामही 1956 मध्ये उजेडात आले: पक्ष्यांच्या प्रतिकारशक्तीतील पेशी तेथे तयार होतात. आपल्या रक्तातील ‘बी’ पेशींना हे नाव त्या पिशवीवरूनच मिळाले.

आज दुकानात मिळणारी बहुतेक अंडी कोंबड्याविना घातलेलीच असतात. त्यात पिल्लू नसते आणि उबवूनही ते होणार नाही. पण प्रथिने फलित अंड्याइतकीच असतात. कोंबड्याशिवायचे अंडे निकस असते, अशी शंका कुणाला असेल तर ती खुशाल सोडून द्यावी.