चिमूर ते जपान : तुकडोजी महाराजांचा काळ आणि वॉरहेडचे प्रकार

खंजिरी हेच ज्यांचे शस्त्र, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हयातीतच युद्धाची शस्त्रे पार बदलली. काय होता हा बदल?

भजनातला बॉम्ब

महाराजांचा जन्म एप्रिल १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या आंदोलनात दगडांचेच बॉम्ब होतील, अशी कल्पना असलेले त्यांचे भजन गावोगावी गाजले. ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली पेटले. गोळीबारात आंदोलक गेले, चिमूरला सरकारी अधिकारीही मारले गेले. महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

वॉरहेड म्हणजे काय?

क्षेपणास्त्र, रॉकेट किंवा टॉर्पेडोचा प्रत्यक्ष संहार करणारा भाग म्हणजे वॉरहेड. त्यात स्फोटक, ते पेटवणारा डेटोनेटर आणि स्फोटाची वेळ ठरवणारा फ्यूज असतो.

मुख्य प्रकार

• पारंपरिक : काही वॉरहेड स्फोटाच्या दाबलहरीने इमारती पाडतात, काही धातूचे तुकडे उडवतात. ‘शेप्ड चार्ज’ स्फोटाची शक्ती एका रेषेत आणून रणगाड्याचे चिलखत भेदतो.
• रासायनिक व जैविक : विषारी द्रव्ये किंवा रोगजंतू पसरवणारी. आंतरराष्ट्रीय करारांनी यांवर बंदी आहे.
• आण्विक : अणूच्या विखंडनातून किंवा संमीलनातून ऊर्जा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेला युरेनियम बॉम्ब सुमारे १५ हजार टन टीएनटीच्या ताकदीचा होता. तीन दिवसांनी नागासाकीवर प्लुटोनियमचा बॉम्ब पडला.

जपानची वाट

चिमूरचा उठाव आणि हिरोशिमा यांत जेमतेम तीन वर्षांचे अंतर. एका बॉम्बने अख्खे शहर संपू शकते, हे जगाला कळून चुकले होते. हिरोशिमानंतर दहा वर्षांनी, १९५५ मध्ये महाराज विश्वधर्म व विश्वशांती परिषदेसाठी जपानला गेले. मात्र १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत ते सीमेवर जवानांचे मनोबल वाढवायलाही पोहोचले. शांतीचा आग्रह आणि देशाचे रक्षण, दोन्ही त्यांनी सोबत चालवले.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीतच त्यांचे निधन झाले. पुण्यतिथी महोत्सवात आजही दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो गुरुदेवभक्त जागच्या जागी मौन उभे राहतात.