तीन शहरांचा हा गायक, युद्ध पेटल्यावर एकाही सैन्याच्या बाजूने उभा राहिला नाही

तारीख होती ८ मार्च १९९२. शहर बेलग्रेड, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियाची राजधानी. शहराच्या रस्त्यांवरून एक उघडा ट्रक फिरत होता. ट्रकवर ड्रम, गिटार, स्पीकर आणि शहरातले नावाजलेले रॉकवाले. गाणं एकच, तेच पुन्हा पुन्हा. मुख्य चौकात कार्यक्रम करायला परवानगी मिळाली नव्हती, मग गड्यांनी स्टेजलाच चाकं लावली.

हे गाणं युद्धावर जाणाऱ्यांची आणि त्यांना पाठवणाऱ्यांची टर उडवणारं होतं. शेजारच्या क्रोएशियात तोवर एक युद्ध पेटलेलं होतं आणि बोस्नियात दुसरं पेटायच्या बेतात होतं. बेलग्रेडमधल्या तरुण पोरांच्या घरी सैन्यात भरतीचे कागद येत होते. ते चुकवण्यासाठी कुणी मित्राकडे लपत होतं, तर कुणी देश सोडून पळत होतं.

त्या ट्रकवर उंच, सडपातळ, शांत चेहऱ्याचा एक माणूस होता. नाव मिलान म्लादेनोविच. त्याच्या गाण्यांवर तिथली एक अख्खी पिढी मोठी झाली. आज त्याला सर्बियन गायक म्हणून ओळखतात. पण त्याची गोष्ट नीट पाहिली की कळतं, एका देशाच्या नावात हा माणूस मावत नाही.

सुरुवातीपासून सांगतो.

युगोस्लाव्हिया हे नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगलं माहिती आहे. मार्शल टिटो, पंडित नेहरू, नासर आणि अलिप्ततावादी चळवळ आपण शाळेत शिकलोय. या चळवळीची पहिली परिषद १९६१ साली बेलग्रेडमध्येच झाली होती. सहा प्रजासत्ताकं आणि अनेक भाषा, धर्म एकत्र नांदवणारा हा कम्युनिस्ट देश होता, पण रशियाच्या मुठीत नव्हता. पाश्चात्त्य सिनेमे, रेकॉर्ड, फॅशन सगळं तिथं पोहोचायचं.

अशा देशात २१ सप्टेंबर १९५८ रोजी मिलानचा जन्म झाला. जन्मगाव झाग्रेब, म्हणजे आजच्या क्रोएशियाची राजधानी. वडील सर्बियन, लष्करात अधिकारी. आई क्रोएशियन. त्या काळी अशा लग्नांचं कुणाला फारसं नवल वाटत नसे.

वडिलांची नोकरी बदलीची. त्यामुळे मिलान साधारण सहा वर्षांचा असताना घर हललं सारायेवोला. १९१४ साली ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला जिथे गोळी घातली आणि पहिलं महायुद्ध पेटलं, तेच हे शहर. मशिदी, चर्च आणि ज्यूंची प्रार्थनास्थळं तिथं हाकेच्या अंतरावर. मिलानचं बालपण याच शहरात गेलं. बारा वर्षांचा झाला आणि पुन्हा बदली झाली. या वेळी बेलग्रेड.

म्हणजे जन्म झाग्रेबचा, बालपण सारायेवोचं आणि तरुणपण बेलग्रेडचं. ही तीन नावं लक्षात ठेवा.

शाळेत त्याला द्रागोमिर मिहाइलोविच उर्फ गागी हा गिटारवाला दोस्त भेटला. दोघांनी मिळून बँड काढला, नाव ठेवलं 'लिंबाचं झाड'. हा बँड फार चालला नाही. पण त्यातूनच दुशान कोयिच उर्फ कोया हा बास वाजवणारा आणि इवान व्दोविच हा ड्रमर मिलानला मिळाले. १९८० च्या एप्रिलमध्ये तिघांनी नवा बँड सुरू केला. नाव 'शार्लो आक्रोबाता'. चार्ली चॅप्लिनला तिकडे शार्लो म्हणतात, म्हणजे हा झाला कसरती करणारा चॅप्लिन.

पुढच्याच महिन्यात, ४ मे १९८० ला टिटो गेले. साडेतीन दशकं ज्या माणसाने देश बांधून ठेवला होता तोच गेल्यावर पुढे काय, हे कुणालाच माहिती नव्हतं. या अनिश्चित हवेतच बेलग्रेडच्या पोरांचं नवं संगीत वर आलं.

आता तुम्ही म्हणाल, कम्युनिस्ट देशात अंडरग्राउंड संगीत कसं काय चालायचं?

तर तिथली गंमत वेगळी होती. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर बेलग्रेडमध्ये विद्यार्थ्यांना एक जुनी इमारत सांस्कृतिक केंद्र म्हणून मिळाली. तिथे प्रदर्शनं, सिनेमे, वादविवाद आणि मैफली चालायच्या. पुढे ललित कला महाविद्यालयाच्या तळघरात 'अकादेमिया' नावाचा क्लब निघाला. चित्रकार, फोटोग्राफर, नट आणि रॉकवाले सगळे रात्रभर तिथे पडीक. रेकॉर्ड काढायच्या तर कंपन्या सरकारी. पण विकलं जाणारं संगीत त्यांनाही हवंच होतं, त्यामुळे सरकारी कंपनीच्या शिक्क्याने पंकवाल्यांच्या रेकॉर्ड बाजारात यायच्या.

१९८१ साली झाग्रेबच्या युगोटोन कंपनीने अशीच एक रेकॉर्ड काढली. नाव 'पाकेट आरांजमान', म्हणजे सहलीचं पॅकेज. त्यात बेलग्रेडचे तीन नवे बँड होते. इदोली, इलेक्ट्रिच्नी ऑर्गाझम आणि आपल्या मिलानचा शार्लो आक्रोबाता. युगोस्लाव्हियातल्या नव्या लाटेचा विषय निघाला की आजही पहिलं नाव याच रेकॉर्डचं निघतं.

त्याच वर्षी शार्लोचा स्वतःचा अल्बमही आला. त्यात पंक होतं, रेगे होतं, तुटक ताल होते आणि जोडीला विनोद. आज जाणकार त्याला डोक्यावर घेतात. पण बँड मात्र त्याच वर्षी फुटला. मिलानला सूर आणि शब्द हवे होते, कोयाला ताकद आणि गोंगाट. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या नाहीत. कोयाने आपला वेगळा बँड काढला, तोही पुढे गाजला.

मिलान पुन्हा गागीकडे वळला. १९८२ मध्ये नवा बँड उभा राहिला, नाव 'कातारिना द्रुगा', म्हणजे दुसरी कॅथरिन, रशियाची राणी. या बँडमध्ये आली मार्गिता स्तेफानोविच. सगळे तिला मागी म्हणायचे. तिने पियानोचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि वास्तुकलेची पदवीही मिळवली होती. तिच्या कीबोर्डने मिलानच्या गिटारला वेगळीच खोली दिली. बासवर बोयान पेचार आला. मिलान, मागी आणि बोयान हे तिघं बँडचा कणा बनले. ड्रमर मात्र बदलत राहिले.

१९८४ मध्ये पहिला अल्बम आला. नंतर गागी बाहेर पडला आणि बँडच्या नावावर हक्क कुणाचा, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा राणी तीच ठेवून नाव बदललं. दुसरी कॅथरिनची झाली थोर कॅथरिन, म्हणजेच 'एकातारिना वेलिका'. लोक थोडक्यात म्हणायचे ईकेवी.

१९८५ ते १९८९ या काळात ईकेवीचे एकामागोमाग एक अल्बम आले. तळघरातल्या क्लबमध्ये सुरू झालेली गोष्ट मोठमोठ्या हॉलपर्यंत पोहोचली. बेलग्रेडइतकेच चाहते झाग्रेबमध्ये होते आणि सारायेवोमध्येही. ल्युब्लियानापासून स्कोपियेपर्यंत बँड फिरायचा. देश एक होता, भाषा बहुतेकांना कळायची आणि दुखणंही सारखंच होतं. नोकऱ्या नाहीत, महागाई वाढतेय आणि पुढारी रोज नवा शत्रू दाखवतायत.

मिलान थेट राजकारणावर क्वचितच लिहायचा. प्रेम, एकटेपणा, शहर, भीती हे त्याचे विषय. पण ऐकणाऱ्याला त्यात आपल्या काळाचा वास यायचा. १९८९ च्या अल्बमचं नाव होतं 'आपल्यासाठी फक्त दोनचार वर्षं'. बर्लिनची भिंत पडली ते हेच वर्ष. तेव्हा हे नाव कुणाला निराश वाटलं असेल, कुणाला नुसतं काव्यात्मक. पण दोनच वर्षांत देश फुटायला लागला.

१९९१ च्या जूनमध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि लढाई सुरू झाली. २८ जुलै १९९१ ला सारायेवोच्या झेत्रा हॉलमध्ये शांततेसाठी मोठा कार्यक्रम झाला. १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेला हा हॉल हजारो लोकांनी भरून गेला होता. देशभरातले कलाकार आले होते, त्यात ईकेवीही होता. मिलान आपल्या बालपणीच्या शहरात युद्ध नको म्हणून गायला उभा होता.

जेमतेम आठ महिने गेले. एप्रिल १९९२ मध्ये सारायेवोला वेढा पडला, तो जवळपास चार वर्षं उठला नाही. डोंगरांवरून शहरावर तोफा डागल्या जात होत्या. झेत्रा हॉलचीही पडझड झाली आणि आसपासच्या मैदानात कबरी खणाव्या लागल्या.

आता ती तीन शहरं आठवा. जिथे जन्मला ते झाग्रेब आता शत्रूची राजधानी होतं. जिथे वाढला त्या सारायेवोवर गोळे पडत होते. आणि जिथे राहत होता त्या बेलग्रेडमध्ये सत्तेवर होते स्लोबोदान मिलोशेविच, ज्यांच्या पाठबळावर या तोफा चालत होत्या. आई एका बाजूची, वडील दुसऱ्या बाजूचे. रोज टीव्हीवरून विचारलं जात होतं, तू कुणाचा?

मिलानने आणि त्याच्या दोस्तांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच नकार दिला. ईकेवी, इलेक्ट्रिच्नी ऑर्गाझम आणि पार्टिब्रेकर्स या तीन बँडची मंडळी एकत्र आली आणि 'रिमतुतितुकी' नावाचा गट बनवला. या नावातली अक्षरं उलटीपालटी केली की एक सणसणीत शिवी तयार होते. बी-९२ या स्वतंत्र रेडिओने त्यांचं गाणं काढलं. सुरुवातीला सांगितलेला ट्रक तो याच गाण्याचा.

पुढे २२ एप्रिल १९९२ ला बेलग्रेडच्या मुख्य चौकात युद्धविरोधी मैफल झाली. तिचं नावच होतं 'आम्हाला धरू नका', म्हणजे तुमच्या युद्धात आमची मोजदाद करू नका. हजारो तरुण जमले. युद्ध अर्थातच थांबलं नाही. पण सगळं बेलग्रेड या युद्धाच्या मागे नाही, हे त्या दिवशी दिसलं. १९९३ मध्ये हेच बँड प्राग आणि बर्लिनमध्ये एका क्रोएशियन बँडसोबत एकाच मंचावर वाजवून आले. दोन्हीकडची पोरं एकमेकांवर गोळ्या झाडत असताना हे सोपं नव्हतं.

घरची अवस्था तर विचारू नका. संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले होते. १९९३ मध्ये ५०० अब्ज दिनारची एकच नोट छापायची वेळ आली. रॉकवाले टीव्हीवरून मागे पडले आणि तिथे टर्बो-फोकचा धंदा जोरात सुरू झाला. मित्र परदेशी गेले, बोयानने आधीच लंडन गाठलं होतं. शार्लोच्या काळापासूनचा दोस्त इवान व्दोविच १९९२ मध्ये गेला. तरीही मिलान आणि मागी बेलग्रेड सोडून गेले नाहीत. १९९३ मध्ये ईकेवीचा शेवटचा अल्बम आला, नाव 'कुणीतरी आपल्याकडे बघतंय'.

१९९४ मध्ये मिलान ब्राझीलला गेला. त्याचा जुना संगीतकार मित्र मितार सुबोतिच उर्फ सुबा साओ पावलोत स्थायिक झाला होता. दोघांनी तिथल्या वादकांना घेऊन 'एंजल्स ब्रेथ' हा अल्बम केला. बाल्कनचा उदास सूर आणि ब्राझीलचा ताल. नवा मिलान घडत होता.

पण वेळ उरला नव्हता. ऑगस्ट १९९४ मध्ये माँटेनेग्रोच्या बुद्वा शहरात ईकेवीचा कार्यक्रम झाला. त्यानंतर लगेच मिलानला दवाखान्यात भरती करावं लागलं. निदान झालं स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं. ५ नोव्हेंबर १९९४ ला बेलग्रेडमध्ये तो गेला. वय फक्त ३६. त्या दिवशीही सारायेवोचा वेढा कायम होता. आपल्या बालपणीचं शहर मोकळं झालेलं त्याने पाहिलं नाही.

मिलान गेला आणि ईकेवी थांबला. १९९८ मध्ये लंडनला बोयान पेचारचा हृदयविकाराने मृत्यू झाला. १९९९ मध्ये साओ पावलोत लागलेल्या आगीत सुबा गेला. २००२ मध्ये मागीही गेली. यातल्या कुणीही वयाची पन्नाशी पाहिली नाही.

पण गाणी राहिली. २००६ साली रेडिओ बी-९२ ने श्रोत्यांकडून देशातल्या सर्वोत्तम गाण्यांची यादी करून घेतली. पहिला नंबर आला १९८९ च्या त्याच 'दोनचार वर्षं' वाल्या गाण्याचा. बेलग्रेडच्या युवा केंद्रासमोरच्या चौकाला आज मिलान म्लादेनोविचचं नाव आहे.

युगोस्लाव्हिया कधीच इतिहासजमा झालाय. झाग्रेब, सारायेवो आणि बेलग्रेड आता तीन वेगवेगळ्या देशांच्या राजधान्या आहेत, आणि इतिहासाच्या पुस्तकात तिन्हीकडे वेगवेगळं लिहिलंय. ज्यांना युद्ध आठवतही नाही अशी पोरं या तिन्ही शहरांत आज त्याची गाणी पाठ म्हणतात. तू कुणाचा, या प्रश्नाचं मिलानने न दिलेलं उत्तर कदाचित हेच असावं.