मोटारीचा मर्मज्ञ

अर्जेंटिना हा दक्षिण अमेरिकेतील एक विस्तीर्ण देश. त्याची राजधानी ब्युनॉस आयर्स. तेथून दक्षिणेस सुमारे 400 किलोमीटरांवर बाल्कार्से नावाचे गाव आहे. गावाभोवती बटाट्याची शेते दूरवर पसरलेली आहेत. या गावी 24 जून 1911 रोजी हुआन मॅन्युएल फान्जिओ याचा जन्म झाला. त्याचे आईवडील मूळचे इटलीकडील. वडील बांधकामावर कष्ट करून सहा मुलांचा संसार चालवीत.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे हुआनला लहान वयातच शाळा सोडावी लागली. तो मोटारी दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात उमेदवारी करू लागला. जमीन झाडणे, सुटे भाग धुणे, हत्यारे हाताशी देणे ही त्याची पहिली कामे. परंतु त्याचे कान सदैव इंजिनाच्या आवाजाकडे लागलेले असत. आवाजात किंचित फरक पडला की दोष कोठे आहे हे तो हळूहळू ओळखू लागला. पुढे मित्रांच्या साहाय्याने त्याने गावातच स्वतःचा कारखाना उघडला.

1936 साली त्याने शर्यतीत प्रथम भाग घेतला तो एका जुन्या टॅक्सीतून. चार वर्षांनी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करून त्याला शेव्हरोलेट मोटार मिळवून दिली. ती घेऊन तो ब्युनॉस आयर्स ते पेरू देशातील लिमा आणि परत, अशा सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरांच्या शर्यतीत उतरला. रस्ते कच्चे, वाटेत अँडीज पर्वताचे घाट. मोटार बिघडली तर चालकाने आणि त्याच्या सोबत्यानेच ती दुरुस्त करावयाची. अशा शर्यतीत यंत्राला वाटेल तसे पिटाळणारा मागे पडतो आणि त्याचे बळ ओळखून चालविणारा पुढे जातो. फान्जिओ पहिला आला.

या क्रीडेची दुसरी बाजूही त्याने पाहिली. 1948 साली पेरूमधील एका शर्यतीत रात्रीच्या वेळी त्याची मोटार रस्त्यावरून उलटली आणि त्याचा सोबती दानिएल उरुतिया मरण पावला. या मृत्यूचा आघात इतका मोठा होता की शर्यती कायमच्या सोडून द्याव्यात, असे त्याच्या मनात आले. अखेर तो पुन्हा मोटारीत बसला, पण ती आठवण त्याच्याबरोबर राहिली.

1949 साली अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाइल क्लबाच्या साहाय्याने तो युरोपात गेला. इतर चालक निवृत्तीचा विचार करू लागतात त्या वयात त्याची खरी कारकीर्द सुरू झाली. ग्रां प्री शर्यतींतील चालकांसाठी जागतिक अजिंक्यपद 1950 साली सुरू झाले. 1951 मध्ये फान्जिओने ते पटकावले.

पुढच्याच वर्षी त्याच्या हातून एक चूक झाली. आयर्लंडमधील शर्यत आटोपून त्याला दुसऱ्या दिवशी इटलीत मोंझा येथे पोहोचावयाचे होते. विमान चुकले, म्हणून पॅरिसपासून त्याने रात्रभर स्वतः मोटार चालविली. शर्यत सुरू होण्यास अर्धा तास उरला असता तो पोहोचला आणि थकलेल्या शरीराने तसाच शर्यतीत उतरला. दुसऱ्याच फेरीत त्याची मोटार मार्गाबाहेर उडाली व त्याची मान मोडली. उरलेले वर्ष त्याला खेळता आले नाही. यंत्राची मर्यादा जाणणाऱ्याने स्वतःच्या देहाची मर्यादाही जाणली पाहिजे, हा धडा त्याने यातून घेतला.

1954, 1955 व 1956 या तिन्ही वर्षी अजिंक्यपद त्याच्याकडेच आले. 1956 साली शेवटच्या शर्यतीत त्याची मोटार नादुरुस्त झाली, तेव्हा पीटर कॉलिन्स या तरुण इंग्रज सहकाऱ्याने आपली मोटार त्याला दिली. स्वतः अजिंक्य होण्याची संधी असताना कॉलिन्सने केलेला हा त्याग फान्जिओ कधी विसरला नाही.

1957 साली तो माझेराती कंपनीकडून खेळू लागला. अर्जेंटिना, मोनॅको आणि फ्रान्स येथील शर्यती त्याने जिंकल्या. 4 ऑगस्ट रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे शर्यत होती. हा मार्ग डोंगर व अरण्य यांतून जाई. एक फेरी जवळजवळ 23 किलोमीटरांची, तीत दीडशेहून अधिक वळणे, आणि फेऱ्या 22. फान्जिओचे वय तेव्हा 46 वर्षांचे होते.

प्रतिस्पर्धी फेरारी मोटारी भरपूर पेट्रोल घेऊन निघाल्या, कारण त्या मध्ये थांबणार नव्हत्या. फान्जिओने टाकी अर्धीच भरली. मोटार हलकी ठेवून आघाडी मिळवावयाची आणि मग थांबून पेट्रोल व टायर घ्यावयाचे, असा त्याचा बेत होता. त्याप्रमाणे त्याने सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी मिळविली. पण थांबल्यावर कारागिरांचा वेळ फार गेला. तो पुन्हा निघाला तेव्हा माइक हॉथॉर्न व कॉलिन्स हे दोघे जवळजवळ पाऊण मिनिट पुढे गेले होते आणि फेऱ्या दहाच उरल्या होत्या.

नवे टायर बसेपर्यंत फान्जिओने घाई केली नाही. त्यामुळे फेरारीचे लोक निश्चिंत झाले. त्यानंतर मात्र त्याने वेग वाढविला. ज्या वळणांवर एरवी तो खालचा गिअर टाकी, तेथे तो वरच्याच गिअरने जाऊ लागला. फेरीमागून फेरी विक्रम मोडत गेला. आदल्या वर्षी त्याचाच सर्वांत वेगवान फेरीचा विक्रम 9 मिनिटे 41.6 सेकंदांचा होता. आता एक फेरी त्याने 9 मिनिटे 17.4 सेकंदांत पुरी केली. एकविसाव्या फेरीत त्याने प्रथम कॉलिन्सला व मग हॉथॉर्नला मागे टाकले आणि साडेतीन सेकंदांच्या अंतराने शर्यत जिंकली. त्याबरोबर पाचवे अजिंक्यपदही निश्चित झाले. हा पाच अजिंक्यपदांचा विक्रम 2003 सालापर्यंत कोणी ओलांडू शकला नाही.

सर्वत्र जयजयकार चालला असता फान्जिओचे मन मात्र स्वस्थ नव्हते. पुढे दोन रात्री त्याला झोप आली नाही. आजवर पाळलेली मर्यादा आपण त्या दिवशी ओलांडली, हे त्याला ठाऊक होते. तशी मोटार पुन्हा कधी चालवावी, असे त्याला वाटले नाही.

6 जुलै 1958 रोजी फ्रान्समधील रीम्स येथे तो शेवटची ग्रां प्री शर्यत खेळला. तीत तो चौथा आला. आघाडीवर असलेला हॉथॉर्न त्याला एक फेरीने मागे टाकू शकत होता; परंतु गुरुतुल्य प्रतिस्पर्ध्याच्या मानार्थ त्याने ते केले नाही. त्याच शर्यतीत लुइजी मुस्सो हा चालक प्राणास मुकला. फान्जिओने त्यानंतर ग्रां प्री शर्यतींचा निरोप घेतला. महिन्याभराच्या आत न्यूरबुर्गरिंगच्याच मार्गावर कॉलिन्सचाही अंत झाला.

अजिंक्यपदाच्या 51 शर्यतींत भाग घेऊन फान्जिओने 24 जिंकल्या. निवृत्तीनंतर तो मायदेशी परतला. 1986 साली बाल्कार्से येथे त्याच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. 17 जुलै 1995 रोजी वयाच्या 84 व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच गावी त्याला चिरविश्रांती मिळाली. वेग कसा वाढवावा हे त्याच्या काळी पुष्कळांना येत होते. थांबावे केव्हा हे फान्जिओला समजले, म्हणूनच तो वार्धक्य पाहू शकला.