अल्लामा शिबली नोमानी (रह.) : एका अध्यापकाचे जीवन

आपल्यापैकी काहींच्या घरी, निदान मशिदीच्या वा मदरशाच्या ग्रंथालयात, उर्दू ‘सीरतुन्नबी’चे सात खंड आपण पाहिले असतील. त्यांच्याशी दोन नावे जोडलेली आहेत : अल्लामा शिबली नोमानी आणि मौलाना सय्यद सुलैमान नदवी. पहिले गुरूचे, दुसरे शिष्याचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे हे विस्तृत चरित्र ज्यांनी आरंभिले, त्यांना ते पूर्ण झालेले पाहता आले नाही. तरीही ते पूर्ण झाले, आणि या हकीकतीतील एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो.

शिबलींचा जन्म 1857 साली आझमगढ जिल्ह्यातील बिंदवल या गावी झाला. वडील वकील होते. मौलाना फारूक चिरयाकोटी यांच्यासारख्या नामवंत आलिमांकडे त्यांचे अध्ययन झाले आणि एकोणिसाव्या वर्षीच हजचे भाग्य लाभले. इमाम अबू हनीफा, अर्थात नोमान बिन साबित, यांच्यावरील श्रद्धेने त्यांनी ‘नोमानी’ हे उपपद धारण केले. वंशाशी त्याचा संबंध नाही. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी वकिलीची परीक्षा दिली खरी, परंतु कचेरीत त्यांचे मन कधीच रमले नाही.

1883 साली ते अलिगढच्या कॉलेजात अरबी-फारसीचे अध्यापक झाले. वेतन दरमहा चाळीस रुपये. आज विद्यापीठ म्हणून आपण जे ओळखतो, ते तेव्हा मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज होते. सर सय्यद अहमद खान यांनी आपला ग्रंथसंग्रह या तरुण अध्यापकाला मोकळा करून दिला, आणि जुन्या पद्धतीच्या या आलिमाला इतिहासलेखनाची नवी दृष्टी तेथेच लाभली. वर्गातील पाठांवर ते थांबले नाहीत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी कुरआनचे दर्स सुरू केले. इंग्रजी शिक्षण घेणारा तरुण दीनपासून तुटू नये, ही त्यांची तळमळ होती. पुढे खिलाफत चळवळीचे नेते झालेले मौलाना मुहम्मद अली जौहर त्या काळात अलिगढचे विद्यार्थी होते.

शिकवणारा स्वतः शिकत राहतो की नाही, यावरून मी तरी अध्यापकाची पारख करतो. तत्त्वज्ञानाचे इंग्रज प्राध्यापक टॉमस आर्नोल्ड यांच्याकडून शिबली फ्रेंच शिकले आणि आर्नोल्ड त्यांच्याकडून अरबी. 1892 साली दोघे एकाच बोटीने निघाले. आर्नोल्ड मायदेशी, शिबली तुर्कस्तान, शाम व मिसरची ग्रंथालये पाहण्यासाठी. वाटेत समुद्रात बोटीचे यंत्र बंद पडले. घाबरलेले शिबली धावत मित्राकडे गेले, तर आर्नोल्ड शांतपणे पुस्तक वाचत बसलेले. बोट बुडणारच असेल तर उरलेला वेळ वाया का घालवावा, असा त्यांचा हिशेब. आपली घाबरगुंडी शिबलींनी प्रवासवर्णनात मोकळेपणाने नोंदवून ठेवली आहे. एवढा मोठा आलिम, पण ती झाकावी असे त्यांना वाटले नाही.

1898 साली सर सय्यद निवर्तले आणि शिबलींनी अलिगढ सोडले. हजरत उमर (रजि.) यांचे चरित्र ‘अल-फारूक’ त्याच सुमारास पूर्ण झाले. पुढे काही वर्षे हैदराबाद, मग लखनौची नदवतुल उलेमा. येथे अभ्यासक्रमात सुधारणा करताना त्यांना इतर उलेमांचा कडवा विरोध झाला. शिबलींचा स्वभावही नमते घेणारा नव्हता. 1913 मध्ये ते व्यथित मनाने बाहेर पडले. तत्पूर्वी 1907 साली घरात चुकून बंदूक उडाली आणि त्यांना एक पाय गमवावा लागला. परंतु लेखणी थांबली नाही.

आयुष्याचा उत्तरकाळ त्यांनी ‘सीरतुन्नबी’ला वाहिला. पाश्चात्त्य लेखकांच्या आक्षेपांना भावनेने नव्हे, तर रिवायतींची काटेकोर छाननी करून उत्तर द्यावे, असा त्यांचा निर्धार होता. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी खर्चाचा भार उचलला. पण 1914 साली धाकटे बंधू इसहाक यांचे निधन झाले आणि शिबली खचले. प्रकृती ढासळू लागली, तेव्हा त्यांना चिंता होती ती केवळ त्या हस्तलिखिताची.

नदवामधील त्यांचे लाडके शिष्य सुलैमान नदवी त्या वेळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक होते. सरकारी कॉलेजातील स्थिर नोकरी, वय अवघे तीस. उस्तादांची तार मिळताच ते आझमगढला निघाले. गुरू-शिष्यांची भेट झाली, आणि सर्व कामे बाजूला ठेवून सीरत पूर्ण करण्याची जबाबदारी शिबलींनी त्यांच्यावर सोपवली. 18 नोव्हेंबर 1914 रोजी शिबली अल्लाहच्या रहमतीत गेले.

सुलैमान नदवींनी पुण्याची नोकरी सोडली. उस्तादांच्या मजकुराचे त्यांनी दोन खंड सिद्ध केले आणि पुढील खंड स्वतः लिहिले. त्यात त्यांच्या आयुष्यातील कित्येक वर्षे गेली. शिबलींनी आपला बंगला, बाग आणि ग्रंथ लेखकांच्या संस्थेसाठी दिले होते. निधनानंतर काही दिवसांतच शिष्यांनी तेथे दारुल मुसन्निफीनची स्थापना केली. त्यांचे मामेभाऊ व विद्यार्थी मौलाना हमीदुद्दीन फराही त्यात अग्रणी होते. 1916 पासून तेथून ‘मआरिफ’ हे मासिक निघू लागले. शिबलींची कबर त्याच आवारात आहे, ग्रंथालयापासून काही पावलांवर.